चार वाजताची मोजणी

वृंदाताई,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. घर जागेवर आहे. तुमची खुर्ची खिडकीजवळच आहे, तिच्यावरची उशी मी धुऊन, वाळवून परत ठेवली. कशासाठी ठेवली ते मला माहीत नाही. तुमचे दादा फॅक्टरीत जाऊ लागले आहेत. माणसं यायची थांबली आहेत.

मला अजून रडू आलं नाही. घाटावर आलं नाही, तेराव्याला आलं नाही. समोरच्या काकी बायकांना सांगत होत्या, "अंदर ही अंदर रो रही है बेचारी." ते ऐकून मी खरंच आत पाहिलं. आत काही चाललेलं नव्हतं. एवढ्या माणसांना पोळ्या किती लागतील इतकंच मनात होतं, आणि तो अंदाज बरोबर निघाला. एकही पोळी उरली नाही.

काल मी विजय नगरला फिजिओवाल्या मॅडमकडे जाऊन आले. एकटी. तुमच्याशिवाय मी तिथे कधी गेले नव्हते, आणि गेले तेव्हा बोलायचं काम तुमचं असायचं, माझं खुर्ची धरायचं. काल मला बोलावं लागलं. ते तुम्हाला सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी या दीक्षितपुऱ्यातल्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांच्या होत्या आणि भिंत धरून चालत होत्या. मी सौंसरकडच्या खेड्यातली, चौथी पास. मला सांगितलं होतं, नणंदेचे पाय जरा कमजोर आहेत. तिसऱ्याच दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलात. मी धावले तर तुम्ही खालूनच म्हणालात, "एकदम उचलू नको. आधी बस इथं. पडलेल्या माणसाला कसली घाई?"

मी बसले. दोघी फरशीवर. मग तुम्ही विचारलं, "वाचता येतं का तुला?"

मी मान हलवली.

"ही हो ची मान आहे की नाही ची? बोल ना वहिनी. मी काय चावून राहिली?"

त्या दिवसापासून तुम्ही मला वाचायला बसवलं. चौथीपर्यंतचं माझं वाचन गंजून गेलं होतं, ते तुम्ही घासून काढलं. तुमचे दवाखान्याचे कागद होते, त्यावरच मी शिकले. एसएमए हा शब्द मी आपल्या पोळपाटावर पिठात लिहून पाहिला होता. तुम्ही समजावून सांगितलं की पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात, आणि हुकूम आला नाही की स्नायू वाळतात. "डोकं मात्र राहते ठणठणीत," तुम्ही म्हणालात, "म्हणजे सगळं पाहायला आपण जाग्यावर हजर."

पाच वर्षांत तुमचं चालणं गेलं. खुर्ची आली. खुर्चीतून तुम्ही एमए केलं, गल्लीतल्या मुलींच्या शिकवण्या घेतल्या, आणि मला दुरुस्त करत राहिलात. मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण तुम्हाला ताई म्हणायची, अहोजाहो करायची. तुम्ही म्हणायच्या, "मला उचलून संडासात नेते आणि वर तुम्ही-आम्ही करते. चांगली आहे तुझी इज्जत!" तरी माझ्याच्यानं तू म्हणवलं नाही. आताही म्हणवत नाही.

मॅडमनी ती वही दिली त्याला सहा वर्षं झाली. दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचं. काही न धरता किती वेळ बसता. दोन्ही हात डोक्यावर जातात का. टेबलावरचा पेला तोंडापर्यंत येतो का. चार घड्यांचा कागद फाटतो का. अडचण न होता जमलं तर दोन. वाकून, ओढून, दुसऱ्या हाताचा आधार घेऊन जमलं तर एक. नाहीच जमलं तर शून्य. मॅडमनी एक गोष्ट तीनदा बजावली होती: वेळ कोणतीही ठरवा, पण तीच ठेवा. तीच वेळ, तीच खुर्ची, तीच उशी. नाहीतर आकड्यांना काही अर्थ नाही.

चार वाजताची वेळ तुम्हीच ठरवली. मी म्हटलं, सकाळी आंघोळीनंतर बरं वाटतं ना तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "सकाळी कोणीही शहाणं असतं. दुपारी चारला मी जशी आहे तशी असते."

मी वही घेऊन समोर बसले की तुमची बडबड सुरू. "आली पटवारीण. जरीपेची साखळी आणली का? मोज बाई मोज, दरसाल एक बांध सरकून राहिला माझा." मला हसू यायचं, मग आकडा चुकायचा, मग तुम्ही रागवायच्या. खरं सांगू का, वहीला कळायच्या आधी मला कळायचं. पोळीचा तुकडा तुम्ही कसा तोडता त्यावरून. आधी एका हातानं, मग ताटाच्या कडेला दाबून, मग मीच तुकडे करून ताट वाढू लागले. कोणी कोणाला काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात कागद फाटला नाही की वहीत एक आकडा खाली यायचा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ते रोज प्यायचं औषध सुरू झालं. मॅडमनी किती खटपट केली होती त्यासाठी. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वृंदा, गिरना रुक जाए, वही जीत है. चढ़ने की मत सोचो." तुम्ही म्हणालात ठीक आहे. दादांनी मात्र देवाजवळ दिवा लावला आणि त्याच दिवशी मला विचारलं, "आज हात जास्त वर गेला का गं तिचा?"

एप्रिलला जेवढे होते तेवढेच आकडे. मेमध्ये तेवढेच. दादा रोज विचारायचे, मी नाही म्हणायची, ते गप जेवायचे.

मग जून. तुम्हाला आठवतं ना तो उन्हाळा? दुपारी लाइट जायची आणि तुम्ही ओल्या पंच्यात डोळे मिटून पडून असायच्या. एक तारखेला मीच म्हटलं, आज सकाळीच उरकून घेऊ, दुपारी तुमचे हाल होतील. तेल लावलं, कोमट पाण्यानं आंघोळ घातली, हात चोळले, आणि वही काढली. पेला तुम्ही एका हातानं उचलला. कोपर न टेकता. तुमचा चेहरा मी पाहिला. मी दोन लिहिलं. पाच वर्षांपूर्वी त्या रकान्यात दोन होता.

खोटं नव्हतं ते. पेला उचललाच होता. वेळ लिहायचा रकाना वहीत होता. माझा हात सवयीनं गेला आणि मी तिथं चार लिहिलं.

मॅडम इतक्या खूश झाल्या की उठून उभ्या राहिल्या. "अरे वाह भाभी!" दादांनी फॅक्टरीत पेढे वाटले. जुलैला मी परत सकाळीच मोजलं. तुम्हीही काही बोलला नाहीत. उलट म्हणालात, "मोजणीच्या दिवशी मला अशी चकचकीत करून बसवते, जसे काही पाव्हणे पाहायला येऊन राहिले." आपण दोघी हसलो. ऑगस्ट, सप्टेंबर. दरवेळी कोमट पाणी, दरवेळी तेल, दरवेळी चार.

ऑक्टोबरच्या एक तारखेला तुम्ही हात पुढे केलाच नाही.

"वहिनी, हा आकडा आंघोळीचा आहे. माझा नाही."

मी म्हटलं, "आकडा तर तुमच्याच हाताचा आहे ना."

"चारला मोज."

"चारला काहून? थकलेल्या माणसाला काय मोजायचं?"

"मी थकलेलीच असते. तेच तर मोजायचं आहे. उद्या मॅडम कोणाच्या तरी पोरीला म्हणतील, वृंदाला फरक पडला, तुला काहून नाही पडला? मग तिची माय काय करेल, सांग. मॅडमला फोन कर आणि खरं काय ते सांग."

"करते."

"आज कर."

आणि मग मी जे बोलले ते माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. ज्या तोंडातून दुकानदाराला सुटे मागायला शब्द निघत नाही, त्या तोंडातून निघालं. "तुम्हाला स्वतःचं चांगलं झालेलंच पाहवत नाही. तुमच्या दादाचा चेहरा पाहिला का तुम्ही या चार महिन्यांत?"

तुम्ही खिडकीकडे पाहिलं. दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. पाणी. कूस. उशी. तिसऱ्या दिवशी तुम्ही काहीच झालं नाही असं वागायला लागलात, आणि मी माफी मागितली नाही, कारण तुम्हीच सोडून दिलं असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी वाटून घेतलं.

नोव्हेंबरला तुम्ही सकाळी म्हणालात, आंघोळ आज उशिरा घाल, चारला मोजू. मी म्हटलं बरं. चारला मी चेरीतालला माझ्या मावशींकडे निघून गेले. काम काही नव्हतं. परत आले तेव्हा तुमच्या शिकवणीच्या मुली येऊन बसल्या होत्या. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही काढली.

तोपर्यंत तुमच्या हाताला लिहिणं जमेनासं झालं होतं. पेन माझ्या हातात होतं. इतकी वर्षं मला वाटत आलं की घरात तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बोलणाऱ्या, आणि मी आपली ऐकणारी. तसं नव्हतं ते. फोन कानाला लावायचा तर मीच लावणार. वहीचं पान मीच उलटणार. तुम्ही एमए होत्या आणि चौथी पास बाई तुमच्या अंगाचा निकाल लिहीत होती, तिला हवा तसा.

पण डिसेंबरचं मला अजून समजत नाही, ताई. डिसेंबरात आपण मॅडमकडे गेलो तेव्हा तिथं मंडल्याहून आलेली एक बाई बसली होती. मांडीवर आठ वर्षांची मुलगी, हाच आजार, हेच औषध. मॅडमनी तुमच्या वहीवरून काढलेला आलेख तिला दाखवला. "देखिए, ऐसे भी होता है. हिम्मत रखिए." ती बाई त्या वर चढणाऱ्या रेघेकडे पाहत होती. तेव्हा तुम्हाला आवाज होता. तुम्ही मॅडमच्या समोर होत्या, तीन हातांवर. एक वाक्य बोलला असता तर झालं असतं. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिलात. मी खुर्चीचा ब्रेक नीट लागलाय का ते बघायला खाली वाकले.

तुम्ही मला वाचवलं, की माझी वाट पाहिली? घरी येताना रिक्षात मला विचारता आलं असतं. मी तुमची शाल सारखी करत राहिले.

जानेवारीत थंडी पडली, सर्दी झाली, ती छातीत उतरली. सहा दिवस दवाखान्यात. श्वासाचं मशीन, तोंडावर मास्क. पाचव्या दिवशी तुम्ही मास्कखाली काहीतरी म्हणालात. मी कान नेला. मला वाटलं, आता म्हणाल. "नाक खाजव," तुम्ही म्हणालात. मी मास्क थोडा उचलून खाजवलं. तुम्ही डोळे मिटले, बरं वाटलं म्हणून. त्यानंतर बोलला नाहीत.

तेराव्यानंतर मॅडमचा फोन आला. "भाभी, जब मन हो, कॉपी ले आइएगा. वृंदा का रिकॉर्ड बहुत अच्छा है, दूसरों के काम आएगा." फोन ठेवल्यावर मी भांडी घासली. बहुत अच्छा. ताट घासताना तेच, पेला घासताना तेच.

दादांना मी आधी सांगितलं. जेवत होते. सगळं सांगितलं, कोमट पाण्यापासून. त्यांनी घास तसाच ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तिला फरक पडलाच नव्हता?" मी म्हटलं, पडला असेल, कमी घसरली असेल, पण चढली नव्हती. ताट त्यांनी बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "मी येऊ का संगं?" मी म्हटलं, नको. आलात तर तुम्हीच बोलाल.

काल गेले. रिक्षात सगळं वाक्य पाठ केलं होतं, हिंदीत. मॅडमच्या समोर बसले आणि वाक्य गेलं. मी वही उघडली, जूनच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ये चार बजे का नहीं है. सुबह का है. नहाने के बाद का. सब सुबह के हैं, यहाँ से आखिर तक. चार मैंने लिखा."

मॅडम पानाकडे पाहत राहिल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "वृंदा को मालूम था?"

मी म्हटलं, "वो बोलती थी फोन करो. मैंने नहीं किया."

मग मी ते विचारलं, जे विचारायला मी खरं म्हणजे गेले होते. मी खरं लिहिलं असतं तर त्या जगल्या असत्या का?

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पता नहीं, भाभी. हाथ का नंबर अलग, साँस का अलग. पर हाथ गिरता दिखता, तो साँस की जाँच मैं पहले करवाती. हो सकता है कुछ दिन मिलते. हो सकता है नहीं भी. झूठ नहीं बोलूँगी आपसे."

मला वाटलं होतं की हो ऐकलं तर मी कोसळेन आणि नाही ऐकलं तर सुटेन. पता नहीं ला काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी पदर सावरून बसून राहिले.

त्या म्हणाल्या, चार वाजताचं खरं काय होतं ते आता कळायचं नाही, ही पानं बाद धरावी लागतील. आणि मी म्हणाले, "मुझे पता है." मोजणी आपण चारला बंद केली होती, चहा थोडाच बंद केला होता. कप तुमच्यासमोर रोज मीच ठेवायची. जूनमध्ये तुम्ही कप एका हातानं उचलत होत्या पण कोपर टेकवून. जुलैत दुसरा हात लागला. ऑगस्ट संपता संपता मी कप अर्धाच भरायला लागले. दसऱ्यानंतर तो लहान स्टीलचा पेला. नोव्हेंबरात पेला जागेवर राहायचा आणि तुम्ही मान खाली न्यायच्या. डिसेंबरात नळी. मॅडम लिहीत होत्या, मध्येच विचारायच्या, दायाँ या बायाँ? महीने के शुरू में या आखिर में? मला सगळं येत होतं. जानेवारी आला तेव्हा मी म्हटलं, पेला मीच धरायची. त्यांनी शून्य लिहिलं. त्या रकान्यात मी कधी शून्य लिहिलं नव्हतं. वरच्या बाजूला त्यांनी लाल पेनानं लिहिलं की हे आकडे वहिनीच्या आठवणीतले आहेत, मोजलेले नाहीत. बरोबरच आहे ते.

उठताना मी विचारलं, मंडल्याच्या त्या बाईला हे सांगाल ना? मॅडम म्हणाल्या, "बाहर ही बैठी हैं. आज उनकी बारी है."

ती बाकावर होती. मुलगी मांडीवर, जाड स्वेटरमध्ये. मला पाहून तिनं हात जोडले. तुमचं तिला कळलं होतं. मग हळूच म्हणाली, "दीदी, आपके यहाँ तो दवाई से फायदा हुआ था न?"

मी तिच्या शेजारी बसले. सगळं सांगितलं. आवाज मोठा झाला असेल, कारण बाकावरची दुसरी माणसं बघायला लागली. मी म्हटलं, चढे नहीं थे. नंबर मैंने गलत टाइम पे लिए थे. मला वाटलं आता ही मला बोलेल, आणि बोलायला पाहिजे. तिनं मुलीच्या टोपीची गाठ सोडली, परत बांधली.

"इसका भी नहीं चढ़ा," ती म्हणाली. "दो महीने से मैं सोच रही थी, मालिश में मेरी ही कोई कमी है. सास भी यही बोलती है. रोज दो-दो बार करती हूँ. ये रोती है, फिर भी करती हूँ."

मुलगी माझ्या बांगड्यांकडे बघत होती. मी हात जवळ नेला, तिनं एक बांगडी बोटानं फिरवली. हळू फिरवली. तिचं बोट कुठं थांबतं ते मी पाहून घेतलं, न पाहायचं ठरवूनही.

आतून त्यांचं नाव पुकारलं. ती उठली, मुलीला खांद्यावर घेतलं, वही काखेत धरली, आणि दारापाशी थांबली. परत माझ्याकडे आली.

"दीदी, आप अंदर चलेंगी? मैडम के सामने मुझसे बोला नहीं जाता."

ताई, हे ती मला म्हणाली. मी इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या काखेतली वही घेतली आणि तिच्या मागून आत गेले.